गाडी क्रॉसिंगला आहे

शांतता मिळवायला माणसं हल्ली फार घाईने निघतात. शुक्रवारी संध्याकाळी मुंबईहून पुण्याकडे जाताना बोरघाटात जी रांग लागते, ती बहुतेक निवांतपणाच्या शोधात निघालेल्यांची असते आणि ती मंडळी एकसारखे हॉर्न वाजवत असतात. लोणावळ्याला किंवा त्याच्याही पुढे कुठेतरी 'निसर्गाच्या कुशीत' त्यांनी खोली घेतलेली असते. खोलीचा ताबा दुपारी दोनला मिळणार होता, आता साडेसात वाजले. म्हणजे साडेपाच तासांची शांतता पैशांसकट बुडाली. मग माणूस चिडणार नाही तर काय करणार?

आमच्या ऑफिसातले एक गृहस्थ इगतपुरीला विपश्यनेला जाऊन आले. तिथे १९७६ पासून शिबिरं चालतात. दहा दिवस बोलायचं नाही, वाचायचं नाही, लिहायचं नाही, फोन पहिल्या दिवशीच जमा करायचा. शिबिराबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. म्हणणं आहे ते परत आलेल्या गृहस्थांबद्दल. त्यांनी दहा दिवसांचं मौन पुढचे कित्येक महिने आमच्याकडून व्याजासकट वसूल केलं. लिफ्टमध्ये मौन, कँटीनमध्ये मौन, पगारवाढीच्या मीटिंगमध्ये मौन. सगळीकडे मौनावर भाषण. एकदा स्वच्छतागृहात शेजारी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "आत्ता, या क्षणी, श्वासाकडे लक्ष द्या." जिथे श्वास रोखून धरणंच शहाणपणाचं, तिथे!

घरी तरी काय वेगळं! मुलीने माझ्या फोनमध्ये ध्यानाचं ॲप घालून दिलं आहे. ते सकाळी खणखणीत घंटा वाजवतं आणि 'आता शांत व्हा' म्हणतं. नाही झालो तर दुपारी आठवण करतं, रात्री नापसंती कळवतं. सलग आठवडाभर शांत राहिलं की पडद्यावर एक कमळ उमलतं. आमच्या शेजाऱ्यांकडे अशी चाळीस कमळं जमली आहेत. पार्किंगवरून ते अजूनही भांडतात, फक्त भांडण सुरू करण्यापूर्वी एक दीर्घ श्वास घेतात. त्यामुळे आवाज आणखी लांबवर जातो.

आपल्याकडे पूर्वी हे शास्त्र लोकांना नीट उमगलं असावं. आळंदीहून पंढरपूरला निघालेली माउलींची पालखी बघा. वाटेत विसावा असतो आणि तो कुणी दमलं म्हणून घेतलेला नसतो. तो आधीच ठरलेला, वेळापत्रकात छापलेला असतो. दमलेले असा, नसा, विसावा आला की टेकायचं. घरी बसून टेकलं तर बायको आळशी म्हणते. वाटेत टेकलं की वारकरी.

माझे गुडघे वारीला तयार नाहीत. माझी आषाढातली वारी एकादशी होऊन गेल्यावर असते, पौर्णिमेच्या सुमाराला. गुरुपौर्णिमेला मी सरांकडे जातो. सर राहतात राजापूर तालुक्यातल्या एका गावात आणि मी जातो दिवा–सावंतवाडी पॅसेंजरने. विसावे भरपूर.

सर म्हणजे शाळा-कॉलेजातले सर नव्हेत. गिरगावातल्या एका छापखान्यात ते मुद्रितशोधक होते आणि मी त्यांच्या हाताखाली उमेदवारी केली. आज मी जे काही लिहितो-वाचतो त्याचं श्रेय त्यांना, असं सभेत म्हणण्याची पद्धत आहे. वस्तुस्थिती अशी की माझं वाचन त्यांनी कायमचं बिघडवून ठेवलं. मी प्रूफ हातात घेतलं की गोष्टीत रंगून जायचो. नायिका विहिरीच्या काठावर उभी, मी श्वास रोखून पुढच्या ओळीवर, आणि सरांची लाल पेन्सिल माझ्या मनगटावर. "कुठे पळतोयस? विहिरीतली दुसरी वेलांटी ऱ्हस्वच आहे ना, ते बघितलंस? ती उडी मारणार की नाही ते लेखक बघेल."

त्यांचं म्हणणं असं, की अर्थ हा मुद्रितशोधकाचा वैरी. अर्थ लागला की डोळे पुढे धावतात आणि मागे काना, मात्रा, अनुस्वार उघड्यावर पडतात. म्हणून ओळीखाली पट्टी ठेवायची आणि अक्षर, अक्षर, अक्षर. पुढची ओळ आहे हे विसरायचं. मी मूळ हस्तलिखित मोठ्याने वाचायचो आणि ते छापील प्रतीवर नजर ठेवायचे. वाचायचं तेही विरामचिन्हांसकट. "दुहेरी अवतरण सुरू माझं तुझ्यावर प्रेम आहे स्वल्पविराम सुलभा पूर्णविराम दुहेरी अवतरण बंद." मराठीतले कितीतरी उत्कट प्रसंग मी पहिल्यांदा असे ऐकले, तेही माझ्याच आवाजात. पुढे लग्न ठरल्यावर जे बोलायचं होतं ते बोलताना माझ्या तोंडून 'पूर्णविराम' निघून गेला. समोरचीने तो शब्दशः घेतला आणि चहा मागवला.

शुद्धलेखनाचे नियम सरांना मुखोद्गत. १९६२ साली शासनाने मान्य केलेले १४ आणि १९७२ साली वाढवलेले ४, मिळून १८. गीतेचे अध्यायही तेवढेच. आणि हा योगायोग आहे असं सरांच्या पुढ्यात कुणी म्हणू नये. निवृत्त होऊन गावी गेले, तरी लाल शाई सुटली नाही. त्यांच्या भाच्याच्या लग्नपत्रिकेत 'आशिर्वाद' छापलं होतं. सरांनी दुरुस्ती करून पत्रिका परत पाठवली आणि लग्नाला गेले नाहीत. का, तर दुसरं प्रूफ आलं नाही.

एरवी त्यांचं पत्र ठरलेलं. 'ये. इथे फार शांत आहे. लाल रिफिली आण. पॅसेंजरने ये.' शेवटच्या वाक्यामागे तत्त्वज्ञान वगैरे काही नाही. २०२३ पासून मुंबई–मडगाव वंदे भारत धावते, पण ती खेडला थांबते, रत्नागिरीला थांबते, कणकवलीला थांबते. राजापूर रोडला थांबत नाही. प्लॅटफॉर्मवरच्या माणसाने ती आली म्हणेपर्यंत ती गेलेली असते. पॅसेंजर मात्र कुणाला नाही म्हणत नाही. सापे वामने, दिवाणखवटी, कडवई, आचिर्णे ही नावं ज्यांनी नुसती ऐकली आहेत त्यांना ती दारात नेऊन सोडते.

सकाळी दिव्याला गाडी धरायची म्हणजे आधी जगाच्या उलट दिशेने चालायला शिकावं लागतं. पलीकडे लोकलला लोक अक्षरशः लटकलेले, आणि अलीकडे आमचे चाकरमानी तांदळाच्या पिशव्या, पंखा, प्लास्टिकच्या खुर्च्या, क्वचित एखादा कोंबडा असा संसार घेऊन सुखाने बसलेले. गणपतीत या गाडीत हवाही उभी राहून प्रवास करते. आषाढात बसायला जागा मिळते. जागा मिळाली की राजापूरकरांची आठवण काढावी. १९७७ ते ७९ या काळात मधु दंडवते रेल्वेमंत्री होते. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर दोन इंच फोम घालायला त्यांच्या काळात सुरुवात झाली. ते राजापूर मतदारसंघाचे खासदार, त्यांच्या आधीचे खासदार बॅरिस्टर नाथ पै. आणि कोकणात रेल्वे यावी म्हणून दोघेही दिल्लीत जन्मभर भांडले. १९९० साली कोंकण रेल्वेचं महामंडळ झालं आणि १९९८ च्या प्रजासत्ताकदिनी रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंतचा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग पुरा खुला झाला. आज बूड टेकताना जे सुख होतं, त्याला एवढा संसदीय इतिहास आहे.

रोह्यापर्यंत मन शहरातच असतं. ऑफिसच्या ग्रुपवर कुणीतरी 'अर्जंट' लिहितं, कुणीतरी त्याला अंगठा दाखवतं. रोहा ते वीर हा सुमारे ४७ किलोमीटरचा पट्टा २०२१ साली दुहेरी झाला. तेवढी शांतता सरकारने काढून घेतली. वीर सोडलं की लोहमार्ग एकेरी होतो आणि खरी गंमत सुरू होते. एकच रूळजोडी, समोरून गाडी, मागून गाडी. कुणीतरी बाजूला सरून वाट द्यायला हवी. कुणी सरायचं, याचे रेल्वेत मानपान ठरलेले आहेत आणि ते लग्नाच्या पंगतीपेक्षा कडक पाळले जातात. राजधानी आली, सरा. वंदे भारत आली, सरा. जनशताब्दी, तेजस, मांडवी, कोकणकन्या, सगळ्यांना पाट-रांगोळी. आमची पॅसेंजर स्टेशनातल्या लूप लाईनला शिरते आणि वऱ्हाडातल्या गरीब मावशीने कोपऱ्यात बसून राहावं तशी बसून राहते. हा वेळ वेळापत्रकातच धरलेला असतो, तरी नवख्या प्रवाशाला वाटतं की आपल्यावर अन्याय झाला.

नवखा प्रवासी ओळखू येतो. गाडी थांबली की पहिल्या मिनिटाला तो फोनमधून डोकं वर काढतो. तिसऱ्या मिनिटाला खिडकीतून पुढे बघतो, जणू इंजिनाशी नजरानजर झाली तर ते लाजून सुटेल. पाचव्या मिनिटाला विचारतो, "का थांबलीय?" डब्यातले पाचसहा जण एका सुरात म्हणतात, "क्रॉसिंग." या उत्तरात जी स्वस्थता असते ती ऐकून घेण्याजोगी आहे. घाटातल्या रांगेत असलं उत्तर कुणी देत नाही.

दहाव्या मिनिटाला तज्ज्ञ उठतो. प्रत्येक डब्यात एक तज्ज्ञ असतोच. रेल्वेत नोकरीला नसलेला, पण रेल्वेतल्या माणसाचा मेहुणा. तो दारात जाऊन सिग्नल बघतो, आकाश बघतो, घड्याळ बघतो आणि परत येऊन जाहीर करतो, "अजून एक गाडी काढणार." त्याला कुणी विचारलेलं नसतं, कुणी आभार मानत नाही आणि त्याचं कधी चुकत नाही. पंधराव्या मिनिटाला शर्टाची वरची बटणं सैल होतात. पत्ते निघतात. कुणी खाली उतरून प्लॅटफॉर्मवर पाय मोकळे करतं. आणि विसाव्या मिनिटाच्या आसपास अख्ख्या डब्याला एकाच वेळी हे कळतं, की आपल्या हातात काही नाही, आपण कुणाला उत्तर देणं लागत नाही आणि पोचायला उशीर झाला तर सांगायला कारण तयार आहे. एवढं कळायला इतर ठिकाणी पैसे भरावे लागतात.

यंदा माझ्यासमोर एक तरुण होता. पाठीवर पिशवी, गळ्यात हेडफोन, हातात फोन लावायची काठी. तो मुद्दाम 'संथ प्रवास' करायला आला होता आणि त्याचा व्हिडिओ करत होता. गाडी थांबली की तो खिडकीशी बसायचा, पावसाकडे बघत चेहरा शांत करायचा आणि स्वतःला टिपायचा. पहिल्या वेळी मधेच भजीवाला आला. दुसऱ्या वेळी चेहरा शांत झाला पण केस नीट नव्हते. तिसऱ्या वेळी सगळं जमून आलं, तेवढ्यात शेजारच्या रुळावरून रो-रो निघाली. कोकणात १९९९ पासून ही सोय आहे. मालाने भरलेले ट्रक उघड्या वाघिणींवर चढवतात आणि रेल्वे त्यांना वाहून नेते. ड्रायव्हर आपापल्या केबिनीत बसून असतात. एकामागून एक ट्रक समोरून सरकत होते. कुणी झोपलेला, कुणी स्टोव्हवर काही शिजवण्याच्या बेतात असल्यागत डबे उघडून बसलेला, आणि एकाचे सवयीने दोन्ही हात स्टिअरिंगवर. गाडी चालवायची नाही, ओव्हरटेक करायचं नाही, पोलीस नाही, टोल नाही. त्याच्या तोंडावर जे काही होतं ते त्या तरुणाला सकाळपासून साधत नव्हतं. मी त्याला म्हटलं, "याचा घ्या फोटो." तो म्हणाला, "काका, तो फ्रेमच्या बाहेर गेला."

उक्षी सोडल्यावर करबुड्याचा बोगदा लागतो, साडेसहा किलोमीटरचा. काश्मीरमधला पीर पंजाल होईपर्यंत देशातला सर्वांत लांब रेल्वे बोगदा हाच होता. आत शिरल्याबरोबर फोन मुके झाले. अर्धं वाक्य बोगद्याच्या या तोंडाशी राहिलं. नेमकं याच वेळी माझं ध्यानाचं ॲप जागं झालं, घंटा वाजली आणि पडद्यावर अक्षरं उमटली: 'शांत होण्यासाठी कृपया इंटरनेट तपासा.'

रत्नागिरी गेलं, पानवलच्या दरीवरचा ६४ मीटर उंच पूल गेला, निवसर गेलं आणि आडवलीला गाडी पुन्हा लूपला लागली. फोन वाजला. सर.

"कुठे आहेस?"

"आडवलीला, सर. क्रॉसिंग आहे."

"माहीत आहे. मांडवी येतेय समोरून. विलवडे सोडलंय तिने."

सरांच्या फोनमध्ये गाडी कुठे आहे ते दाखवणारं ॲप आहे, हे मला तेव्हा कळलं. सकाळपासून ते पडवीत बसून माझ्या गाडीचा ठिपका ओळीखाली पट्टी धरून सरकवत होते.

"माहीत होतं तर विचारलंत कशाला, सर?"

"मूळ प्रतीशी ताडून बघतोय," ते म्हणाले. "ॲप छापील प्रत. तू हस्तलिखित." आणि फोन ठेवला. पूर्णविराम.

आडवलीला पाऊस लागला होता. पावसाळ्यात या मार्गाचं वेळापत्रकच निराळं असतं. गाड्या हळू धावतात. मुसळधार कोसळायला लागला आणि पुढचं दिसेनासं झालं की ताशी ४० किलोमीटरच्या पुढे जायचं नाही, असा दंडक आहे. दरडींवर लोखंडी जाळ्या बसवल्या आहेत आणि रात्रंदिवस माणसं रूळ तपासत चालत असतात. असा एक जण समोरून आला. पिवळा रेनकोट, हातात झेंडी, नजर रुळांवर. आमच्याकडे त्याने पाहिलंही नाही. रूळ, सांधा, खडी. रूळ, सांधा, खडी. सरांनी त्याला आनंदाने नोकरीवर ठेवला असता.

करायला काही नव्हतं म्हणून मी स्टेशनची पाटी वाचायला घेतली. आपल्याकडे पाटीवर नाव मराठीत असतं, हिंदीत असतं आणि इंग्रजीत असतं. मराठी-हिंदीची लिपी एकच, त्यामुळे घाईतल्या माणसाच्या लेखी ती एकच ओळ. मी दोन्ही वाचल्या. खाली समुद्रसपाटीपासूनची उंची. तीही वाचली, आकडा न् आकडा. मग पाटीवरून नजर मागच्या दरडीवर गेली. जांभा दगड, त्यावर शेवाळ, शेवाळावर बोटभर नेचे, त्यांच्या टोकाला थेंब. एक थेंब मोठा झाला, लोंबला, पडला. दुसरा भरायला लागला. डाव्या हाताला स्टेशनची पागोळी. तिच्याखाली एक कुत्रा, अंग कोरडं आणि शेपूट पावसात. शेपूट आत घ्यायचा त्याला कंटाळा आलेला. यातून अर्थ काही निघत नव्हता. नायिका नव्हती, विहीर नव्हती. पुढच्या ओळीत काय आहे याची उत्सुकता नव्हती. मी आपला थेंब, थेंब, थेंब असा सरकत होतो आणि किती वेळ सरकत होतो ते सांगता येत नाही, कारण घड्याळ बघितलं नाही. सरांनी शिकवलेली विद्या छापखाना सोडल्यावर पहिल्यांदाच बिनपगारी उपयोगी पडली. चूकही एक सापडली नाही. स्टेशनमास्तरांच्या खोलीबाहेरच्या फळ्यावर खडूने लिहिलेलं काहीतरी संशयास्पद वाटत होतं, पण पाऊस मधे आला.

"खंय जातंस रे बाबा?" शेजारून आवाज आला. कुडाळला निघालेल्या एक आजी पिशवीतून चिवड्याची पुडी सोडत होत्या.

"राजापूर रोडला. आमच्या सरांकडे."

"सर काय करतत?"

"आता काही नाही. निवृत्त झालेत."

"आणि तू?"

"मी रजेवर आहे."

"मगे मघाशी सारखो घड्याळ कित्याक बघी होतंस? तेंका काय काम नाय, तुका काय काम नाय." त्यांनी चिवडा पुढे केला. "हेच्यात शेंगदाणे आसत. सावकाश खा, दात जपून."

शांततेवर मी बरीच पुस्तकं विकत घेतली आहेत. दातांचा उल्लेख एकाही लेखकाने केलेला आठवत नाही.

मग मांडवी आली. मांडवीची ख्याती तिच्या पँट्रीची. खायला म्हणून त्या गाडीने जाणारी माणसं आहेत. ती शेजारच्या रुळावरून गेली तेव्हा तळणाचा वास आमच्या डब्यात आला आणि थोडा वेळ राहिला. वातानुकूलित डब्यांच्या काचांआडून काही चेहरे आमच्याकडे कणवेने बघून गेले. आम्हीही त्यांच्याकडे कणवेने बघितलं. दोन्ही बाजूंचं समाधान झालं. तज्ज्ञ म्हणाला, "आता सुटणार," आणि डब्यात चक्क नाराजी पसरली. पत्त्यांचा डाव अर्ध्यावर आला होता.

राजापूर रोडला उतरलो तेव्हा सर प्लॅटफॉर्मवर उभे होते. ते नेहमी तासभर आधी येतात. गाडी वेळेवर आली तरी त्यांच्या हिशेबाने तिला तासाचा उशीर होतो. वयाच्या ऐंशीव्या वर्षी एका हातात छत्री, दुसऱ्या हातात फोन, फोनवर तो ठिपका. मी नमस्कार करायला वाकलो.

"ते राहू दे. रिफिली आणल्यास?"

"आणल्या."

"चल, रिक्षा थांबवून ठेवलीय. स्टेशनला राजापूरचं नाव दिलं म्हणून राजापूर काही इथे येत नाही."

रिक्षात त्यांना स्वस्थ बसवत नव्हतं. ड्रायव्हरला हा खड्डा, तो खड्डा दाखवत होते. मी विषय बदलायला गंगेचं विचारलं. राजापूरच्या गंगेचं एक बरं असतं. उन्हाळे गावातल्या गरम झऱ्यांपासून जवळच तिची कुंडं आहेत. ती साधारण तीनेक वर्षांनी प्रकट होते असं म्हणतात, पण तारीख कधी देत नाही. कधी लवकर येते, कधी लांबते, आली की किती दिवस राहील ते सांगत नाही. आणि लोक तक्रार करतात? स्नान करतात! मी हे सरांना म्हटलं, जरा खुलवून, आडवलीच्या थेंबाची जोड देऊन. म्हटलं, सर, तुमच्यामुळे आज मला बघायला आलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"नेचे म्हणालास. किती प्रकारचे होते?"

"बघितलं नाही, सर."

"मग काय बघितलंस?"

घरी पोचल्यावर त्यांच्या पत्रातल्या शांततेचा उलगडा झाला. पडवीत टेबल मांडलेलं, टेबलावर कागदांचा गठ्ठा. गावच्या शाळेची स्मरणिका. उद्या दुपारपर्यंत छापायला जायची. सरांनी तिची जबाबदारी स्वतःहून घेतली होती आणि त्यात सरपंचांच्या शुभेच्छा तीन वेळा परत पाठवल्या होत्या, कारण सरपंच दर खेपेला जुन्या चुका सुधारून नव्या करत होते. शाळेच्या ग्रुपवर सर दिवसातून चाळीस संदेश टाकतात, बहुतेक दुरुस्तीचे. गुरुजींनी 'हार्दीक' लिहिलं की मिनिटाच्या आत लाल रंगाचं चिन्ह येतं. गावात आता लोक एकमेकांना वाढदिवसाच्या शुभेच्छा तोंडी देतात.

"बस," सर म्हणाले. "तू मूळ प्रत वाच. विरामचिन्हांसकट."

बाहेर पाऊस, पुढे माड, ओटीवर झोपाळा, झोपाळा रिकामा. मी वाचायला लागलो. "आमच्या गावाची शांतता स्वल्पविराम निसर्गसौंदर्य स्वल्पविराम आणि आदरातिथ्य प्रसिद्ध आहे पूर्णविराम."

"हळू. पळू नकोस. 'प्रसिद्ध'चा इकार?"

"ऱ्हस्व."

"बरं. पुढे."

रात्री दहा वाजेपर्यंत पुढे. मधे काकूंनी चहा दिला, पुन्हा चहा दिला, मग जेवण दिलं आणि नंतर त्या कुठे दिसल्या नाहीत. मी पाणी प्यायला आत गेलो तेव्हा मागच्या पडवीत खुर्ची टाकून, पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवून, डोळे मिटून बसल्या होत्या. मांडीवर वाटी, वाटीत निम्मे सोललेले गरे. फणसाच्या हंगामाचा शेवट.

"काकू, झोपलात?"

"नाही रे," डोळे न उघडता त्या म्हणाल्या. "बसलेय नुसती. तू आलास की हे तुझ्या मागे लागतात ना, मला जरा बसायला होतं. एरवी सकाळपासून माझी किराणाची यादी तपासतात." पुढच्या पडवीतून सरांची हाक आली. काकूंनी एक गरा उचलून माझ्या हातावर ठेवला.

"जा, बोलावताहेत. आणि काय रे, तू दर वेळी गुरुपौर्णिमेची वाट कशाला बघतोस? पौर्णिमा तर दर महिन्याला असते."